काटा लाल रेघेवर असताना गाडी किती जाते?

मी डिझेल पंप आणि नोझलच्या दुरुस्तीचं काम करतो. वर्कशॉप कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, हुमनाबादजवळ, सोलापूर–हैदराबाद महामार्गाला लागून आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी दख्खनी हिंदी, असा आमचा तीन भाषांचा कारभार. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांवर माझं पोट आहे. आज मी जे सांगणार आहे ते ऐकून सगळे तसं वागायला लागले, तर माझा धंदा थोडा कमी होईल. चालेल मला.

आजचा विषय म्हणजे मला फोनवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. "मिस्तरी, काटा लाल रेघेवर आलाय. अजून किती जाईल?" विचारणारा कधी ड्रायव्हर असतो, कधी मालक. कधी मालकाचा मुलगा असतो, जो तीनशे किलोमीटर लांब ऑफिसात बसून मोबाइलवर गाडी कुठे आहे ते बघत असतो.

या प्रश्नाचं उत्तर मी तीन अंगांनी देणार आहे. आधी हिशेब, मग यंत्र आणि शेवटी पैसा.

हिशेबापासून सुरुवात करू. मोठ्या ट्रकची टाकी ३०० ते ४०० लिटरची असते. आपण ३५० धरू. काटा लाल रेघेवर आला किंवा दिवा लागला, म्हणजे टाकीत साधारण दहावा हिस्सा उरला असं समजा. हे कंपनीगणिक कमीजास्त असतं. म्हणजे ३५ लिटर. आता हे ३५ लिटर सगळे वापरता येतात का? नाही. टाकीतून डिझेल ओढणारा पाइप तळाला टेकलेला नसतो. तळाचा गाळ ओढला जाऊ नये म्हणून तो मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो. पाइपच्या खालचं डिझेल टाकीत असतं, पण इंजिनाला मिळत नाही. त्यापायी १० लिटर सोडून द्या. उरले २५.

माल भरलेली मोठी गाडी सपाट रस्त्यावर लिटरला साडेतीन किलोमीटर जाते असं धरलं, तर २५ लिटरात होतात ८७ किलोमीटर. तीच गाडी घाट चढत असेल तर लिटरला पावणेदोन किलोमीटरही कधी मिळत नाहीत. मग झाले ४४. आणि तीच गाडी माल उतरवून रिकामी परत येत असेल, लिटरला साडेपाच देत असेल, तर १३७. म्हणजे टाकी तीच, काटा तिथंच, आणि उत्तर ४४ पासून १३७ पर्यंत काहीही. वर समोरून वारा असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, टोलवर लांब रांग लागली असेल, तर हाही आकडा खाली येतो. त्यामुळे "पन्नास तर सहज जाईल" असं छातीठोकपणे सांगणारा कोणी भेटला, तर त्याला एवढंच विचारा की भरलेली की रिकामी, आणि चढ की सपाट.

आता त्या काट्याबद्दल. टाकीत एक फ्लोट असतो, डिझेलवर तरंगणारा. तो खालीवर होतो तसा काटा हलतो. म्हणजे काटा डिझेलची उंची दाखवतो, आणि तीही फ्लोट जिथं आहे तिथली. ट्रकची टाकी चासीच्या बाजूला लांबीत बसवलेली असते. गाडी चढाला लागली की सगळं डिझेल टाकीच्या मागच्या टोकाला जातं, उताराला लागली की पुढच्या. टाकी अर्धी असेल तेव्हा याचा फरक पडत नाही. तळाशी चार बोटं डिझेल असेल तेव्हा मात्र ओढणारा पाइप चढावर क्षणभर उघडा पडू शकतो. म्हणून कितीतरी गाड्या चढावर बंद पडतात आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो की टाकीत डिझेल होतं. तो खोटं बोलत नसतो. डिझेल होतं, पण पाइपाच्या तोंडाशी नव्हतं.

इथून यंत्राचा भाग सुरू होतो, आणि माझ्या धंद्याचाही.

तुमच्यापैकी बरेच जण पेट्रोलची गाडी चालवत असतील. पेट्रोल संपलं तर काय करता? बाटलीतून लिटरभर आणता, ओतता, एक-दोनदा सेल्फ मारता, गाडी सुरू. डिझेलचं तसं नसतं. डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवली जाते की त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. तो फवारा बारीक आणि जोरात यायला हवा, म्हणून डिझेलवर प्रचंड दाब द्यावा लागतो. द्रव दाबला की दाब पुढे पोचतो. हवा मात्र दाबली की आकसते आणि दाब स्वतःच गिळून टाकते. त्यामुळे पाइपात हवेचा फुगा शिरला की पंप कितीही फिरला तरी नोझलमधून फवारा निघत नाही.

शेतावरची मोटार ज्यांनी चालवली आहे त्यांना हे लगेच कळेल. विहिरीचं पाणी फूटव्हॉल्वच्या खाली गेलं की मोटार हवा धरते. नंतर विहिरीला पाणी आलं तरी ती उचलत नाही. वरून पाणी ओतून पाइप भरावा लागतो, तेव्हा कुठे धार लागते. ट्रकचं अगदी तसंच आहे. आमच्या लाइनीत म्हणतात, "गाडीनं एअर घेतली." एअर घेतलेल्या गाडीत नंतर शंभर लिटर डिझेल ओता, ती सुरू होत नाही. आधी एअर काढावी लागते.

जुन्या गाड्यांवर एअर काढणं हे काम जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हरला यायचं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हँड प्रायमर हातानं दाबत राहायचं, आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. गरज पडली तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायचे आणि सेल्फ मारून तिथली हवा काढायची. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. हात काळे होतात, बाकी काही बिघडत नाही.

त्या सवयीवर आज काही जण नव्या गाड्या चालवतात, आणि तिथं घोटाळा होतो. आताच्या ट्रकमध्ये कॉमन रेल असते. तिच्यातला दाब १,६०० बार किंवा त्याच्याही वर असतो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते, त्याच्या दोनशे पट. अशा गाडीत इंजिन फिरत असताना दाबाच्या पाइपाचा नट सैल केला, तर निघणारी डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. दिसायला टाचणी टोचल्याएवढी जखम, आणि आत डिझेल पसरून बोट किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. तेव्हा कॉमन रेलच्या गाडीत दाबाच्या पाइपाला रस्त्यावर हात लावायचा नाही. प्रायमर मारायचा, तेवढंच.

दुसरी गोष्ट. या गाड्यांच्या पंपाला वेगळं ऑइल नसतं. बहुतेकांत पंपाचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच. टाकी कोरडी झाली आणि पंप हवेवर फिरत राहिला, तर लोखंडावर लोखंड घासतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत १० भाग, आधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा बुळबुळीतपणा कमी होतो, आणि तो भरून काढायला त्यात वंगणाचं द्रव्य घालावं लागतं. म्हणून कोणी रिकाम्या टाकीत रॉकेल ओतून वेळ मारून न्यायचा सल्ला दिला, तर ऐकू नका. रॉकेल पातळ असतं, पंपाला सांभाळत नाही. पंप एकदा घासला की त्याचा कीस पुढे रेलमध्ये आणि प्रत्येक नोझलमध्ये जातो. मग एक पार्ट बदलून भागत नाही, आख्खी लाइन काढावी लागते. ते बिल लाखाच्या घरात जातं. वाचवलेलं डिझेल त्या बिलापुढे काहीच नसतं.

तिसरी गोष्ट, तळाचं डिझेल. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, त्यामुळे टाकीत पाणी असलं तर ते तळाला बसतं. पाणी येतं कुठून? रिकाम्या टाकीत हवा जास्त असते. रात्री गारठा पडला की त्या हवेतली वाफ टाकीच्या आतल्या पत्र्यावर थेंब होऊन बसते आणि खाली ओघळते. म्हणजे टाकी जितकी रिकामी ठेवाल, तितकं पाणी जास्त. त्या पाण्यात आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढतात, त्यांचा शेवाळासारखा चिकट थर होतो. शिवाय टाकीचा गंज आणि पंपावरून आलेली माती असतेच. गाडी नेहमी लाल रेघेवर चालवणारा माणूस हा सगळा खरवडा रोज फिल्टरकडे पाठवत असतो. फिल्टर तुंबला की गाडी ओढत नाही, आणि तो म्हणतो डिझेल भेसळीचं होतं.

आता घाटाचा विषय. डिझेल कमी असलं की काही ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, वाचेल तेवढं वाचवू म्हणून. खंडाळ्याच्या घाटात, इंदूरकडून धुळ्याला येताना लागणाऱ्या बिजासन घाटात, सगळीकडे हे चालतं. याचा हिशेब मी तुम्हाला सांगतो. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर पंप डिझेल देणंच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, डिझेल लागत नाही. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, त्याला आयडलिंगचं डिझेल लागतं. म्हणजे घाटाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही, उलट थोडं जळतं.

आणि धोका कोणता? न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड जाते. त्यात टाकी कोरडी होऊन इंजिन बंद पडलं, तर पॉवर स्टिअरिंगचा पंप थांबतो आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकसाठी साठवलेली हवा काही वेळा पाय दाबण्यापुरतीच उरते. दाब फार खाली गेला की मागची चाकं आपोआप जाम होतात, गाडी असेल तिथं उभी राहते. म्हणून उतारावर इंजिन बंद पडल्यासारखं वाटलं तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा, गिअर काढायचा नाही. गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे स्टिअरिंग आणि कॉम्प्रेसर थोडेफार चालू राहतात. तेवढ्या वेळात गाडी डावीकडे घ्या.

इथपर्यंत यंत्र झालं. आता तिसरं अंग, पैसा.

हिमाचलमध्ये मनालीहून लेहला जाताना लाहौलमध्ये तांडी नावाचं गाव आहे. तिथल्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. पुढे बारालाचा, लाचुलुंग, तांगलांग असे एकापेक्षा एक उंच घाट, शेवटचा १७,००० फुटांच्या वर. त्या रस्त्यावर ट्रक चालतात, फौजेचं सामान जातं, भाजी जाते, सिमेंट जातं. त्या रस्त्यावरचा ड्रायव्हर "किती जाईल" हा प्रश्न तांडीच्या आधीच सोडवतो. टाकी गळ्यापर्यंत भरतो, जास्तीचा कॅन बांधतो. थंडीत तिथं आणखी एक अडचण असते. कडाक्याच्या थंडीत साधं डिझेल मेणासारखं घट्ट होतं, टाकी भरलेली असून इंजिन उपाशी राहतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. म्हणजे जिथं पंप नाहीत, तिथं माणसांनी आणि कंपन्यांनीही विचार केलेला आहे.

आमच्या सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर पंपांची काय कमतरता? थोड्या थोड्या अंतरावर पंप आहे. तरी माझ्याकडे एअर घेतलेल्या गाड्या येतात त्या याच रस्त्यावरून. त्याची कारणं मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. चार सांगतो.

पहिलं कारण कर. २०१७ मध्ये जीएसटी आला, पण डिझेल त्यात नाही. प्रत्येक राज्य त्यावर आपला कर लावतं, त्यामुळे हद्द ओलांडली की भाव बदलतो. तेलंगणात डिझेल बरीच वर्षं कर्नाटकापेक्षा महाग आहे. लिटरमागे चार रुपयांचा जरी फरक धरला, तरी ३०० लिटरमागे बाराशे रुपये होतात. मग हैदराबादहून निघणाऱ्या ड्रायव्हरला शेठ सांगतो, तिकडे भरू नको, जहीराबादच्या पुढे हद्द ओलांड, मग भर. पटानचेरूपासून हद्द साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटर. मघाचा आपला हिशेब आठवा. लाल रेघेवर भरलेली गाडी सपाटीला ८७ किलोमीटर. म्हणजे हा सगळा व्यवहार बरोबर काठावर बसलेला आहे. एका टोलवरच्या रांगेनं तो मोडतो. तुम्ही गुजरातच्या हद्दीवर राहत असाल, गोव्याच्या किंवा मध्य प्रदेशच्या, तुमच्याकडेही कुठल्या ना कुठल्या दिशेनं हे चालतच असेल.

दुसरं कारण चोरी. रात्री ढाब्यावर गाडी उभी करून ड्रायव्हर झोपला की पाइप घालून टाकीतलं डिझेल काढणारे असतात. भरलेली टाकी म्हणजे तीस हजारांच्या आसपासचा माल उघड्यावर. म्हणून काही मालक टाकी भरूच देत नाहीत. लागेल तेवढंच टाक, म्हणतात.

तिसरं कारण ॲव्हरेज. बऱ्याच ठिकाणी मालक ट्रिपचे किलोमीटर मोजतो, ठरलेल्या ॲव्हरेजनं भागतो आणि तेवढ्याच डिझेलचे पैसे देतो. जास्त लागलं तर ड्रायव्हरच्या खिशातून. वाचलं तर ड्रायव्हरचं. हा हिशेब करताना घाट, वारा, ट्रॅफिक, ओव्हरलोड कोणी धरत नाही. ड्रायव्हर मग डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो, आणि ट्रिपच्या शेवटी त्याची टाकी तळाला असते.

चौथं कारण उधारी. डिझेल रोखीनं घ्यावं लागतं. भाड्याचे पैसे मात्र पोच पावती पोचल्यावर, कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. ट्रक चालवण्याच्या खर्चात निम्म्याच्या आसपास खर्च एकट्या डिझेलचा. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे तेवढा पैसा रोज हातात नसतो. तोही बिचारा दुसऱ्याच्या रिकाम्या टाकीवर चालत असतो. मी इथं कुठल्या एका मालकाला चोर ठरवायला उभा नाही.

पण याची किंमत कोण देतो ते सांगायला हवं, म्हणून एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्कशॉपपासून चार-पाच किलोमीटरवर पहाटे अडीच-तीनच्या सुमाराला एक बारा चाकी गाडी बंद पडली. टाकी कोरडी. गाडी डावीकडे पूर्ण घेता आली नाही, अर्धी रस्त्यावर राहिली. ड्रायव्हर खाली उतरून प्रायमर मारत होता. क्लीनर एकोणीस वर्षांचा पोरगा. तो मोबाइलची बॅटरी लावून गाडीच्या मागे उभा राहिला, येणाऱ्यांना हात दाखवायला. मागून भाजीचा टेम्पो आला. पोरगा जागीच गेला.

सकाळी मला गाडी चालू करायला बोलावलं. मी टाकीचा तळाचा नट काढला. अकरा लिटर डिझेल निघालं, त्यात चांगलं अर्धा लिटर पाणी. ड्रायव्हर बाजूला मातीत बसला होता. त्यानं मला मोबाइल दाखवला. रात्री साडेअकराला त्यानं मालकाला मेसेज केला होता, डिझेल कमी आहे, पैसे टाका. उत्तर आलं होतं, पुढच्या स्टेटमध्ये भर, सकाळी टाकतो. त्यानं परत लिहिलं होतं, पोचणार नाही वाटतं. त्याला उत्तर नव्हतं. मालक झोपला असेल. रात्रीचे बारा वाजलेले, माणूस झोपतोच.

पोलिसांच्या कागदावर टेम्पोवाल्याचं नाव आलं, आणि रस्त्यात गाडी उभी केली म्हणून या ड्रायव्हरचंही. डिझेलचा उल्लेख कुठेच नव्हता. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. मागून बसलेली धडक हा अपघातांतला फार मोठा प्रकार आहे. त्यातल्या किती गाड्या डिझेल नसल्यामुळे तिथं उभ्या होत्या, याचा रकाना फॉर्ममध्ये नसतो.

तेव्हापासून मी फोनवर आकडा सांगणं बंद केलं. कोणी विचारलं, किती जाईल, तर मी विचारतो, सगळ्यात जवळचा पंप कुठे आहे? तिथं जा. खिशात पाचशे असतील तर पाचशेचं टाक, पण थांब.

आता कामाच्या गोष्टी, लिहून घेतल्या तरी चालतील.

मालकांसाठी. टाकी पाव झाली की भरायची, हा नियम करा. पाव टाकी म्हणजे तुमची सुरुवातीची एक रक्कम टाकीत अडकून पडते, खरं आहे. पण ती एकदाच अडकते, दर ट्रिपला नाही. काही जण म्हणतात, भरलेल्या टाकीचं वजन वाहून ॲव्हरेज कमी होतं. ३०० लिटर डिझेलचं वजन अडीचशे किलो. अठ्ठावीस टनांच्या गाडीत ते एक टक्कासुद्धा नाही. चोरीची भीती असेल तर टाकीला जाळी आणि कुलूप लावा, ते स्वस्त पडतं. आणि रात्री गाडी रस्त्यावर असेल तर ड्रायव्हरला निदान पन्नास लिटर तरी मागे-पुढे न विचारता भरता येतील अशी सोय ठेवा. कार्ड द्या, ॲडव्हान्स द्या, तुमच्या पद्धतीनं द्या. हिशेब सकाळी करा.

ड्रायव्हरांसाठी. काट्यावर अवलंबून राहू नका, भरल्यापासूनचे किलोमीटर मोजा. नव्या गाडीत युरियाच्या टाकीचा काटाही बघा, ती रिकामी झाली की डिझेल असूनही इंजिन ताकद कमी करतं. गाडी धक्के खायला लागली, तर तो निरोप समजा. पुढचा ढाबा बघत बसू नका, अंगात वेग आहे तोवर डावीकडे पूर्ण रस्त्याच्या बाहेर घ्या. चारही इंडिकेटर लावा. त्रिकोण गाडीच्या मागे शंभर पावलं, जमलं तर दोनशे. ताशी ऐंशीनं येणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर येते, हे लक्षात ठेवा. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे. आणि कोणाही माणसाला गाडीच्या मागे उभं करू नका. क्लीनरला नाही, स्वतःला नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.

डिझेल आणलं तर स्वच्छ कॅनमधून आणि गाळून, पाच लिटर नाही, निदान वीस-तीस लिटर. प्रायमर हाताला घट्ट लागेपर्यंत मारा. मग सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नका, मध्ये दोन मिनिटं थांबा. तीन-चारदा करून सुरू झाली नाही तर मिस्तरीला बोलवा. सेल्फ आणि बॅटरी जाळण्यापेक्षा ते परवडतं.

आणि तुमच्यापैकी जे ट्रकवाले नाहीत, दुकानदार आहेत, कारखान्यात आहेत, माल मागवतात, त्यांना एक विनंती. भाड्याचे पैसे वेळेवर द्या. तुम्ही अडवलेलं बिल कुठे जाऊन बसतं ते तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं, मी टाकीचा तळाचा नट उघडतो तेव्हा.

तर, काटा लाल रेघेवर असताना गाडी किती जाते? हिशेबानं ४४ ते १३७ किलोमीटर. ड्रायव्हरनं मात्र तो काटा बघितल्यावर फक्त पुढच्या पंपापर्यंत जावं, आणि तिथं भरायला त्याच्याकडे पैसे असावेत. माझं म्हणणं एवढंच आहे.